एकट्याचा करार आणि सर्वांचा करार : ना. म. जोशी यांचे जीवन

आगमनाच्या या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा आमच्यापुढे बरीच नावे आली. मजूर पक्षाची स्थापना करणारे डॉ. मॉरिस क्यूरे, मजुरांसाठी तुरुंग आणि हद्दपारी सोसलेले इमॅन्युएल आंकतील, बेल व्यू हारेलच्या गोळीबारात प्राण गमावलेली अंजले कूपेन ही नावे मॉरिशसच्या मुलांना लहानपणीच कळतात. आम्ही या वेळी मुद्दाम वेगळे नाव निवडले आहे. आपल्या बेटाच्या इतिहासात ते येत नाही, पण ज्या मातीतून आपले पूर्वज निघाले त्याच कोकणच्या मातीतले ते आहे. हे नाव म्हणजे नारायण मल्हार जोशी. मुंबईचे गिरणी कामगार त्यांना ना. म. जोशी म्हणून ओळखत.

त्यांचीच निवड का केली, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी अनेकांनी तिथे जाऊन आपल्या पणजोबांची किंवा खापरपणजोबांची ओळ शोधली असेल. एक क्रमांक, एक नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, जहाज. एका माणसाला एक ओळ. करारही तसाच, एकेका माणसाशी वेगळा. सुरुवातीच्या काळात पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि बाईला त्याहून कमी मजुरी असे. वर शिधा मिळे. एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मालकाची कोठी सोडून गेले तर तो गुन्हा ठरे आणि त्यासाठी तुरुंग ठरलेला असे. करार मोडला तर मालकाचे फारसे काही बिघडत नसे, मजूर मात्र गुन्हेगार होई. घासाघीस करायला मजुराजवळ काही नव्हते, कारण तो एकटा होता.

त्याच काळात रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून दुसरी एक वाट निघत होती. १८५४ साली मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढण्याचे ठरले आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी हा सारा भाग गिरण्यांच्या चिमण्यांनी भरून गेला. कोकणातली गावेच्या गावे तिकडे गेली. गावातला एक माणूस समुद्रापार कोठीवर गेला, तर दुसरा गलबतात किंवा बोटीत बसून गिरणीत गेला. कोठीवर सरदार होता, तर गिरणीत मुकादम होता. त्याला जॉबरही म्हणत. नोकरी लावून देण्यासाठी तो दस्तुरी घेई आणि मर्जी फिरली की काढून टाकी. पगार महिना उलटून गेल्यावर हातात पडे, दंड किती होईल याला धरबंध नव्हता. कामगाराने करार मोडला तर त्याला फौजदारी शिक्षा देणारा १८५९ सालचा एक कायदा खुद्द हिंदुस्थानातही होता आणि तो रद्द करायला १९२५ साल उजाडावे लागले.

म्हणून गिरणीत गेलेल्या आपल्या भाऊबंदांची गोष्ट आपल्या गोष्टीला अगदी लागून आहे. एकट्याने केलेल्या करारातून बाहेर पडून सर्वांचा मिळून एक करार कसा करायचा, हे त्यांना शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाची ही हकिकत आहे.

गोरेगाव ते भारत सेवक समाज

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. आज हा जिल्हा रायगड म्हणून ओळखला जातो. ज्यांचे मूळ माणगाव-महाडकडचे आहे, त्यांना हे गोरेगाव लगेच कळेल. घर ब्राह्मणाचे आणि शिकलेले होते. पुढचे शिक्षण पुण्यात झाले. डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर नारायणरावांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. त्या काळच्या पदवीधराला सरकारी नोकरी, वकिली असे चांगले रस्ते मोकळे होते. नारायणरावांनी १९०९ साली तिसराच रस्ता धरला आणि ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले.

गोखल्यांचा हा समाज १९०५ साली पुण्यात स्थापन झाला होता. त्याच्या सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, समाज देईल त्या थोडक्या वेतनात घर चालवायचे आणि जन्मभर देशाचे काम करायचे, असा दंडक होता. गोखले स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. आपल्यासाठी त्यांचे नाव आणखी एका कारणाने मोलाचे आहे. १९१२ साली व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात त्यांनी गिरमिटी मजुरांची भरती संपूर्ण बंद करावी असा ठराव आणला. त्या दिवशी ठराव हरला, पण विषय थांबला नाही, आणि १९१७ साली हिंदुस्थानातून गिरमिटी मजूर पाठवणे थांबले. जोशी ज्या घरात कामाचे धडे शिकले, त्या घरात मजुराचा करार हा देशाच्या अब्रूचा प्रश्न मानला जात होता.

परळचे दिवस

१९११ साली जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. लीगने कामगारांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये आणि दवाखाने चालवले. परळच्या दामोदर हॉलमध्ये कोकणच्या कामगारांनी पुढे जी नाटके गाजवली, तो हॉलही याच लीगचा.

या कामातून जोशी चाळींमध्ये शिरले. दहा फुटांच्या खोलीत आठ-दहा माणसे, दोन पाळ्यांमध्ये वाटून घेतलेली अंथरुणे, मारवाड्याचे किंवा पठाणाचे कर्ज आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात उभा असलेला सावकार, हे सारे तिथे होते. शाळा काढून माणूस शहाणा होतो, दवाखाना काढून त्याचा ताप उतरतो, पण मजुरी वाढत नाही. दया करणाऱ्याने दिलेली गोष्ट दया संपली की जाते. कामगाराला स्वतःच्या जोरावर मागता आले पाहिजे, या निष्कर्षाला जोशी त्या वर्षांत आले. सेवा करणारा गृहस्थ हळूहळू संघटना बांधणारा झाला.

वॉशिंग्टनची परिषद आणि वेगळे माप

पहिले महायुद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहात कामगारांसाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी करण्याचे ठरले. तहाच्या कामगारविषयक तत्त्वांमध्ये एक तत्त्व असे होते की, सारख्या मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखे वेतन मिळावे. संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचा प्रतिनिधी कोण, हा प्रश्न आला तेव्हा साऱ्या देशाच्या वतीने बोलेल अशी कामगारांची एकही संस्था नव्हती. सरकारनेच नाव ठरवले आणि ते ना. म. जोशींचे होते.

परिषदेत आठवड्याला ४८ तास कामाचा नियम झाला, पण हिंदुस्थानासाठी वेगळा आकडा लिहिला गेला : ६० तास. ज्यांच्या घरात गोऱ्या मजुराची मजुरी वेगळी आणि काळ्या मजुराची वेगळी असे ऐकत ऐकत पिढ्या वाढल्या, त्या आपल्या लोकांना या दोन आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अर्थात गिरण्यांमध्ये तेव्हा त्याहूनही जास्त तास चालत असल्यामुळे ६० तासही पुढचे पाऊल होते. १९२२ च्या कारखाना कायद्यात ते आले. वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांसाठी १९३४ साली ५४ तास झाले. १९४६ साली ४८ झाले. वॉशिंग्टनला बाकीच्या जगासाठी जो आकडा लिहिला होता, तो भारतीय कामगाराला सत्तावीस वर्षांनी मिळाला. ती सगळी वर्षे जोशी या प्रश्नाला चिकटून होते, कधी कायदे मंडळात, कधी जिनिव्हाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही त्यांनी अनेक वर्षे काम केले.

ज्याला आपल्या माणसांनी निवडलेले नाही, अशा प्रतिनिधीच्या शब्दाला वजन किती असणार? ही उणीव भरून काढण्याची खटपट लगेच सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय होते. जोसेफ बॅप्टिस्टा, दिवाण चमनलाल आणि जोशी हे ती उभी करणाऱ्यांपैकी होते. पुढे १९२५ पासून जोशी तिचे सरचिटणीस झाले.

सात माणसांचा कायदा

१९२१ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे जोशी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदे मंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले. त्याच वर्षी १ मार्चला त्यांनी कामगार संघांना संरक्षण देणारा कायदा करावा असा ठराव मांडला. त्याला ताजे निमित्त होते. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या मालकांनी बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर कोर्टात दावा लावला होता आणि कोर्टाने संघाच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला होता. कामगारांना काम सोडायला सांगणे म्हणजे दुसऱ्याचा करार मोडायला लावणे, असा त्याचा आधार होता. थोडक्यात, एकट्याचा करार पवित्र आणि सर्वांनी मिळून बोलणे हा कट, अशी कायद्याची दृष्टी होती.

ठरावानंतर पाच वर्षे गेली. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. कोणत्याही सात माणसांना संघाची नोंदणी करता येऊ लागली. नोंदलेल्या संघाच्या पदाधिकाऱ्यांना संघाच्या कायदेशीर कामासाठी कटाच्या गुन्ह्याखाली खेचता येईना. या कायद्याला मोठी उणीवही होती. संघ नोंदला म्हणून मालकाने त्याच्याशी बोललेच पाहिजे, असे त्यात कुठे नव्हते. दार उघडले, पण पलीकडच्या खोलीत मालक बसलेला असेलच याची खात्री नव्हती. सामूहिक वाटाघाटींचा खरा झगडा त्यानंतर सुरू झाला.

बायकांच्या प्रश्नावरही जोशींनी कायदे मंडळात लवकर हात घातला. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तेव्हा साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या. त्यांना काम मिळे ते बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. त्यांच्यावर नायकीण असे आणि मजुरी उक्त्या कामाची, पुरुषांहून कमी. बाळंतपण आले की कमाई बंद होई. १९२४ साली जोशींनी बाळंतपणाच्या काळात बाईला रजा आणि भत्ता मिळावा असे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला आणि हा देशातला पहिला. हरलेले विधेयक वाया जात नाही, हे गोखल्यांच्या १९१२ च्या ठरावाने जोशींना आधीच शिकवले असावे असे आम्हांला वाटते.

गिरणगावातले दोन संप

१९२५ साली मुंबईच्या गिरणी मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात कामगार बाहेर पडले आणि डिसेंबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. अखेर सरकारने कापडावरची अबकारी जकात स्थगित केली आणि कपात मागे घेतली गेली. त्या संपात दिसून आले की कामगार महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, पण त्यांच्या वतीने हिशेब मांडणारी आणि नंतर लक्ष ठेवणारी कायमची संस्था नाही. १९२६ च्या जानेवारीत जोशींनी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन काढली. वर्गणी, पावती, सभासदांची यादी, खात्याखात्यांतील तक्रारींची नोंद, अशी तिची रीत होती.

१९२८ चा संप याहून मोठा होता. मालकांनी एका विणकराला जास्त माग आणि कातणाऱ्याला दोन बाजू देण्याची पद्धत आणली. काम वाढणार आणि माणसे कमी होणार, हे दिसत होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. त्यातले पुष्कळ जण कोकणात गावी निघून गेले. मुंबईत संयुक्त संप समिती झाली. त्यात डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट आणि जोशींसारखे मवाळ एकत्र बसले.

या संपातली एक मागणी आजही वाचण्यासारखी आहे. मुंबईच्या गिरण्यांत एकाच कामाला वेगवेगळ्या गिरण्यांत वेगवेगळा दर मिळत असे. रस्त्याच्या या बाजूचा कामगार आणि त्या बाजूचा कामगार तेच काम करत, पण पगार सारखा नसे. सगळ्या गिरण्यांसाठी एकच दरपत्रक असावे, ही मागणी पुढे आली. सारख्या कामाला सारखा दाम, हे तत्त्व तहाच्या कागदावरून गिरणीच्या फाटकावर आले ते असे. संप मिटला तेव्हा फॉसेट समितीपुढे हे दरपत्रक चर्चेला गेले. प्रत्यक्ष ते अमलात यायला १९४७ साल उजाडले. त्या वर्षी मुंबईच्या औद्योगिक न्यायालयाने दरांचे प्रमाण ठरवून दिले आणि २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये किमान मूळ पगार बांधून दिला.

त्याच संपाने कामगारांच्या आतली विषमताही उघडी केली. विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, पण दलित कामगारांना तिथे शिरकाव नव्हता. तुटलेला धागा ओठांनी ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकर त्याचा विटाळ मानीत. हा अन्याय संपाच्या मागण्यांमध्ये घ्यावा असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. संपाचे पुढारी तयार झाले, पण नाखुशीने. जोशी त्या पुढाऱ्यांमध्ये होते, म्हणून त्यांच्या चरित्रात ही गोष्ट वगळता येणार नाही. मालकाकडून समता मागणाऱ्यांनी आपल्याच शेजारच्या कामगाराला खात्याबाहेर ठेवले होते. आपल्या पूर्वजांनी जहाजावर जातपात बरीचशी समुद्रात सोडली असे आपण म्हणतो. पूर्ण सोडली का, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावे.

फाटाफूट

१९२८ नंतर कामगारांचा ओघ लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनकडे गेला आणि जोशींची युनियन लहान झाली. पाठोपाठ एक मोठा पेच आला. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला आणि त्यावर जोशींना घेतले. १९२९ च्या अखेरीस नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. तिथे आयोगावर बहिष्कार घालण्याचा ठराव झाला. जोशी, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला. ज्या संस्थेच्या स्थापनेत हात होता, तीच सोडावी लागली.

त्यांचे चुकले का? यावर आमच्यातही दोन मते पडली. एक बाजू म्हणते की परक्या सरकारने नेमलेल्या आयोगावर कामगारांच्या माणसाने बसणे म्हणजे त्या सरकारला मोठेपणा देणे. जोशींची कायदे मंडळातली जागाही सरकारनेच नेमून दिलेली होती, हेही खरे. दुसरी बाजू म्हणते की आपल्याच बेटावर १८७० च्या दशकात प्लेव्हित्झ यांनी मजुरांचा अर्ज पुढे केला आणि शाही आयोग आला नसता, तर कोठ्यांवरच्या अनेक गोष्टी कागदावरही आल्या नसत्या. चौकशीच्या खोलीत आपला एक माणूस बसलेला असला, तर निदान खोटे लिहिणे अवघड होते.

आयोगाचा अहवाल १९३१ साली निघाला. मुकादमाची दस्तुरी, उशिरा मिळणारा पगार, दंड, कर्ज आणि चाळींतली गर्दी हे सारे त्यात नोंदले गेले. त्यातून १९३६ चा वेतन अदायगी कायदा आला. पगाराची मुदत महिन्याहून लांबवता येणार नाही, मुदत संपल्यावर ठरलेल्या दिवसांत पगार द्यायचा, दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नाही आणि गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच. एका दिवसाला दोन दिवसांची मजुरी कापलेल्यांच्या वंशजांना या शेवटच्या कलमाचे मोल कळेल. पण याच कायद्यात एक खोच होती : दहा किंवा त्याहून जास्त कामगार पूर्वसूचनेशिवाय, सबळ कारण नसताना एकमताने गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येई. एकट्याला थोडा न्याय मिळाला, एकत्र येणाऱ्यांची भीती मात्र तशीच राहिली.

जोशींनी फाटाफूट हा शेवट मानला नाही. दुभंगलेल्या संस्था जोडण्याची बोलणी अनेक वर्षे चालली आणि १९४० साली त्या पुन्हा एक झाल्या. दोन्ही बाजूंना चालेल असा सरचिटणीस पाहिजे होता, म्हणून ते पद परत जोशींकडे आले. १९४८ पर्यंत ते त्यावर राहिले आणि मग कम्युनिस्टांशी न पटल्याने बाजूला झाले.

अखेरची वर्षे

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सरकारी नोकरांच्या पगारासाठी पहिला केंद्रीय वेतन आयोग नेमला गेला. जोशी त्याचे सभासद होते. आयोगाने सर्वांत खालच्या नोकराला मूळ ३० रुपये आणि महागाई भत्ता २५ रुपये, असे मिळून ५५ रुपये ठरवले. वरच्या टोकाला दोन हजार रुपये होते. शिपाई आणि साहेब यांच्यात केवढे अंतर असावे, हा प्रश्न देशाच्या हिशेबात आला हे महत्त्वाचे. १९४७ साली औद्योगिक कलह कायदा आणि १९४८ साली किमान वेतन कायदा झाला. जोशींनी तीस वर्षांपूर्वी जी कामे हाती घेतली, ती आता स्वतंत्र देशाचे कायदे झाली होती.

सरकारने देऊ केलेला सी. आय. ई. हा किताब त्यांनी घेतला नव्हता. भारत सेवक समाजाच्या नियमाप्रमाणे मोजक्या वेतनात त्यांनी दिवस काढले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईतला डिलाईल रोड पुढे ना. म. जोशी मार्ग झाला. त्या रस्त्याच्या बीडीडी चाळींमध्ये कोकणातून आलेल्या हजारो कुटुंबांचे संसार झाले. आपल्यापैकी जे गावाचा शोध घेत मुंबईपर्यंत जातात, त्यांनी त्या रस्त्याने जरूर एकदा चालावे. तिथल्या जुन्या चाळींतून आपल्याच आडनावांचे लोक राहत आले आहेत.

आपल्या बेटाकडे

मुंबईत जे १९२६ साली झाले, ते आपल्याकडे १९३८ साली झाले. १९३७ च्या ऑगस्टमध्ये उबा जातीच्या उसाचा दर १५ टक्क्यांनी उतरवल्यावर मजूर आणि छोटे बागायतदार उठले. युनियन फ्लाक येथे गोळीबारात माणसे मेली. त्यानंतर हूपर चौकशी झाली आणि मजुरांना संघ करण्याची परवानगी देणारा कायदा आला. १९४३ साली बेल व्यू हारेलला पुन्हा रक्त सांडले. मुंबईचा इतिहास आणि आपला इतिहास दोन वेगळ्या किनाऱ्यांवर घडला, पण दोन्हीकडे धडा एकच निघाला : एकट्याने मागितले तर मजूर उद्धट ठरतो, सर्वांनी मागितले तर वाटाघाट सुरू होते.

सारख्या कामाला सारखे वेतन हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९५१ साली झाला. भारताने तो १९५८ साली मान्य केला, मॉरिशसने २००२ साली. उसाच्या मळ्यात खुरपणी करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना पुरुषांहून कमी मजुरी मिळे, हे आपल्याला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नाही. देशात किमान वेतन २०१८ च्या जानेवारीत सुरू झाले. या सर्व गोष्टी आज सरळ आणि साध्या वाटतात. त्या तशा नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांचा इतिहास मुलांना सांगायचा असतो.

शेवटी एक गोष्ट सांगून हा लेख संपवतो. ती सणाच्या अंकात बोलावी की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. आपल्या बेटावर आज बांगलादेश, भारत, नेपाळ आणि मादागास्कर येथून मजूर येतात. कापडाच्या कारखान्यांत, इमारतींच्या कामांवर, बेकऱ्यांमध्ये ते दिसतात. प्रत्येकाच्या हातात त्याचा त्याचा करार असतो. ते वसतिगृहात राहतात, घरी पैसे पाठवतात आणि आपली भाषा त्यांना नीट येत नाही. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून आलेल्यांची आपण मुले आहोत. आपल्यातले काही आता त्यांचे मालक आहेत, काही मुकादम, काही शेजारी, काही युनियनचे सभासद. त्यांचा करार एकट्याचा राहील की त्यांनाही आपल्या संघात, आपल्या दरपत्रकात जागा मिळेल, हे पुष्कळसे आपल्याच हातात आहे.

विणकाम खात्याच्या दारात १९२८ साली मुंबईच्या कामगारांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता आणि त्यांनी तो उशिरा आणि नाखुशीने सोडवायला घेतला. ना. म. जोशींच्या चरित्रातला हा भाग त्यांच्या यशाइतकाच आपण लक्षात ठेवावा, अशी आमची सर्व वाचकांना नम्र विनंती आहे.